झोळीतला हात

डोणगाव, ता. १२ नोव्हेंबर १९६४

चि. सिंधूताई हिला उकंडरावचे पोटभर आशीर्वाद.

आधी घरादाराची विचारपूस, मग बाकीचं. तुझे वडील तुळशीरामभाऊ कसे आहेत? गिरणीतल्या कापसाच्या कणांनी त्यांना खोकला धरला होता, तो सुटला का? त्यांना माझा जयभीम सांग. आईचे गुडघे काय म्हणतात? थंडी पडली की गुडघ्यांना आधी कळतं, मग माणसाला. आजीला ऐकू येतं का काही? नसेल येत तर काळजी करू नकोस, म्हाताऱ्या माणसाला आपली निंदा तेवढी ऐकू आली की पुरे. धाकट्या भावाला गोवर निघाला होता, तो आता शाळेत जात असेल. आणि तुमची काळी शेळी व्याली का? दोन करडं झाली असतील तर एकाचं नाव मी ठेवणार.

या म्हाताऱ्याला आपल्या घरचं एवढं कसं ठाऊक, असं वाटेल. अगं, वार्डात तू गोजरबाईच्या उशाशी बसून सगळं सांगत होतीस, आणि मी बाकावर डोळे मिटून होतो. डोळे मिटले म्हणून कान थोडेच मिटतात! मी तिचाच नवरा. खामगावला पाठक डॉक्टरांच्या दवाखान्यात खिडकीजवळच्या खाटेवर मुतखड्याची बाई होती, तिचा. पुलगावचा पत्ता मला कौशल्याबाई आयानं दिला. तू नर्सचं काम सोडून कुणाला न सांगता निघून गेलीस म्हणून तीही डोळे पुसत होती.

झालं ते झालं. खडा दिसावा म्हणून नसेत रंगाची दवा टाकून पोटाचा फोटो काढायचा होता. दवा नसेत राहायची ती बाहेर मांसात उतरली आणि पाहता पाहता हात फुगला. तू सुई काढलीस, हात वर धरलास, डॉक्टरांना हाक मारलीस आणि ट्रेच्या कडेनं तिच्या बांगड्या फोडल्यास. बांगड्या फुटल्या तशी हिच्या तोंडाची मोटही फुटली. "नवरा जिता असतानी माहा चुडा फोडला व हिनं! झडो तुहा हात!" हे शब्द तू ऐकलेस, मी ऐकले, वार्डातल्या भिंतींनी ऐकले. तुझा चेहरा मी पाहिला. तोंडातला घास काढून घेतल्यावर लेकराचा होतो तसा.

तू गेल्यावर डॉक्टर काय म्हणाले ते तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून मी लिहितो. ते म्हणाले, "उमर झालेल्या माणसाची नस बारीक, दवा जाड. सुई कोणाचीही सरकते, माझीही सरकली आहे. पण बांगड्या तिथल्या तिथं निघाल्या म्हणून बरं. फुगत्या हातात त्या रुतल्या असत्या तर पुढं बोटांत रक्त गेलं नसतं." अक्षर न अक्षर खरं आहे.

आता हात चांगला आहे. थोडी सूज आहे, अगदी थोडी. गोजरबाईनं तुला आशीर्वाद सांगितला आहे. तिचा राग पळसाच्या पानाच्या आगीसारखा, पेटला की विझला.

माझ्या अक्षराला हसू नकोस. मी शाळेची पायरी पहिल्यांदा चढलो ती पोराचं नाव घालायला. त्याच्या पाटीवरून शिकलो, आणि गूळ बांधून आलेल्या छापील कागदांवरून पक्का झालो.

उत्तर दे.

तुझा,
उकंडराव


डोणगाव, ता. २१ नोव्हेंबर १९६४

चि. सिंधूताई हिला आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. बरोबरच आहे. खोट्या पत्राला खरं उत्तर कुठून येणार? आज खरं लिहितो.

सूज थोडी नव्हती. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत हात दुधी भोपळ्यासारखा झाला होता. तिच्या हातावर लहानपणी गोंदलेली तुळस आहे, तू पाहिलीस. ती तुळस फुगून वडाचं झाड झाली. डॉक्टरांनी शाईच्या पेनानं सुजेभोवती कुंपण काढलं. म्हणाले, "सूज या रेघेबाहेर गेली तर मला उठवायचं." बोटं हलतात का, चिमटा कळतो का, हे येता-जाता पाहायचे. मी त्या रेघेकडे असा बघत बसलो होतो, जसा शेताच्या धुऱ्याकडे, बांधाकडे भाऊबंद बघतो. दुसऱ्या दिवशी पाण्याचे फोड आले. मधे एक जागा काळसर झाली. तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, ताण वाढला तर कातडी चिरावी लागेल. मी हो म्हटलं आणि पायरीवर बसलो. गजानन महाराजांना काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही, त्यांना आठवत असेल.

पण सूज रेघ ओलांडून गेली नाही. चिरावं लागलं नाही. फोड आपोआप बसले. काळी जागा तेवढी राहिली आहे, तिचं पुढं काय होतं ते पाहायचं, असं डॉक्टर म्हणतात. बोटं हलतात. हे मात्र खरं, शेगावची शपथ.

आणि आशीर्वादाचंही सांगून टाकतो. तो मी माझ्या पदरचा लिहिला होता. मी तुला पत्र टाकलं हे तिला ठाऊकच नव्हतं. राग अजून आहे. पळसाचा नव्हता, बाभळीच्या खोडाचा निघाला, आत धुमसतो.

आता गंमत ऐक. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, हात काळजाच्या वर राहिला पाहिजे, गार पाण्याच्या पट्ट्या, चोळायचं नाही, शेकायचं नाही. हिला हात वर ठेवा म्हटलं की दोन घटका ठेवते, मग चुलीकडे धावते. शेवटी मी नातवाची झोळी काढली, आढ्याला बांधली, हिला खाली गादीवर बसवलं आणि हात झोळीत घातला. झोका दिला. ही म्हणाली, "मायबाप हो! सून आणली, नातू झाला, आता मले हातच जन्मला का?"

गावाला तेवढंच हवं होतं. बाया येऊन झोळीत डोकावून पाहू लागल्या. शेजारची शालूबाई तर साखरेची चिमूट घेऊन आली. "पाहू व गोजरबाई, कोणावर गेला?"

"बापावर गेला," ही म्हणाली, "नुसता पडून राह्यते."

बाप म्हणजे मी. सगळ्या बाया माझ्याकडे पाहून हसल्या. मी रांजणातून पाणी काढून पट्टी बदलत होतो, तेवढं कुणाला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीच शालूबाई बिब्बा तापवून घेऊन आली. सुजेला बिब्ब्याचा चटका, हे तिच्या आजीपासूनचं औषध. "भाऊजी, बाजूले व्हा, एका चटक्यात सूज उतरते."

मी म्हटलं, "शालूबाई, आधीच एक दवा कातडीखाली जाऊन बसली. तिले सोबत नको."

"डाक्टरले काय कळते बिब्ब्यातलं?"

"नाई कळत. म्हणूनच तो बिब्बा लावत नाई."

रागावून गेली. संध्याकाळी भाकरी घेऊन परत आली. आमच्या आळीत राग भाकरी थापेपर्यंतच टिकतो. एकट्या गोजरबाईचा तेवढा टिकून आहे.

तुळस आता वडाची पिंपळ झाली आहे, म्हणजे सूज उतरते आहे. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं, मुंगीच्या पावलानं जातं. मुंग्या निघाल्या आहेत, पोरी. तू मात्र एक ओळ लिही.

उकंडराव


डोणगाव, ता. ३ डिसेंबर १९६४

चि. सिंधूताई,

आज विचारपूस शेवटी. आधी तुला जे कळायला हवं ते लिहितो, नाहीतर माझ्या पोटात दुखेल.

परवा गावात गोंदणारीण आली. शालूबाईच्या ओट्यावर बसली. शालूबाईची नात गोंदवून घ्यायला पुढं सरसावली, आणि पहिली सुई लागताच तिनं असा गळा काढला की झाडावरचे कावळे उडाले. इकडं आमच्या ओसरीत गोजरबाई झोळीत हात घालून बसलेली. तिथूनच ओरडली, "बोंबलू नको व पोरी! आग होऊ दे. जितकी आग, तितकं गोंदण पक्कं बसते. मी एवढीशी होती, हूं का चूं केलं नाई!"

आमच्याकडे हे असंच आहे. गोंदताना पोरगी रडली की बाया म्हणतात, ही सासरी काय नांदणार. न रडता जिनं गोंदवून घेतलं तिचं नाव म्हातारपणापर्यंत घेतात. गोजरबाईचं अजून घेतात.

तेवढं बोलली. झोळीतल्या हाताकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "अजी, इकडं या."

मी गेलो.

"त्या दिवशी ते पोरगी दवा टाकून राह्यली होती, तवा आग होत होती."

"कवापासून?"

"पयल्यापासून."

"मंग बोलली काऊन नाई? त्या पोरीनं इचारलं नव्हतं?"

"इचारलं नं. दोनदा इचारलं. आजी, आग होते का, दुखते का, झालं तं लगेच सांगा म्हणे. मी म्हटलं, काई नाई व बाई, चालू दे."

"काऊन पण?"

"मले वाटलं, आग होते म्हणजे दवा लागून राह्यली. गोंदणाची लागते तशी. आन् एवढ्या लोकायत मी ओरडू? गोंदताना नाई ओरडली मी!"

सिंधू, मी कपाळावर हात मारला. अगं, जिथं ओरडायचं तिथं ही बया मुकी बसली, आणि जिथं मुकं बसायचं तिथं ओरडली! सुई केव्हा सरकली हे तुला कळणार कसं? सांगणारं तोंड तिचं होतं आणि ते तिनं शिवून घेतलं होतं. तू विचारलंस, तिनं चालू दे म्हटलं, तू चालू ठेवलंस. तिनं हूं केलं असतं तर तू तिथंच थांबली असतीस. आग झाली की दवा थांबवायची असते, हे ना तिला ठाऊक, ना मला.

मी हसलो. मग तीही हसली. मग हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, "आन् मी त्या लेकराच्या हाताले झडो म्हटलं. हे तिले कोण सांगन?"

"मी पत्र लिहितो."

"तुमी लिहान, आन् माहा आशीर्वाद तुमच्याच मनानं टाकान. ठाऊक हाय मले. जानराव पोस्टमननं सांगतलं, पुलगावले दोन पत्रं गेले म्हणून. आता मी सांगते तसं लिहा. आपलं एक अक्षर मधात घालू नका."

तर हे तिचं आहे, माझं नाही:

"बाई सिंधू, मी तुह्या हाताले वाईट बोलली. ते बोलणं मी चुलीत टाकलं, राख झाली, राख उकिरड्यावर टाकली. तुहा हात म्हातारा होवो. तू बांगड्या फोडल्या तवा मले वाटलं तू माहं कपाळ फोडलं. डाक्टरनं सांगतलं तू माहे बोटं वाचवले. माहं कपाळ शाबूत हाय, समोर बसून पत्र लिहून राह्यलं. तू परत ये. मले रागव. मंग भाकर खाय."

खाली अंगठा उमटवला आहे तो तिच्या उजव्या हाताचा. त्याच हाताचा. मी शाई लावली, पण दाबला तिनं. जोर पाहा किती आहे, कागद फाटता फाटता राहिला. डॉक्टरांचा शिक्का नाही या पत्रावर, पण हात चालतो याचा याहून पक्का दाखला मला माहीत नाही.

घरच्यांची खुशाली कळव. शेळीचं अजून कळलं नाही.

उकंडराव


डोणगाव, ता. २६ डिसेंबर १९६४

चि. सिंधूताई हिला आशीर्वाद.

तुझं पत्र आलं! जानराव कोपऱ्यावरूनच ओरडत आला, "पुलगाव! पुलगाव!" जणू मोटारीचा कंडक्टर. वडिलांचा खोकला कमी, आईचे गुडघे तसेच, आजी ठणठणीत, भाऊ शाळेत, आणि शेळीला एकच करडू, तेही बोकड. चालेल. त्याचं नाव मी ठेवतो, डाक्टर. बेंबाटत असेल तर शोभेल.

आता तुझ्या पत्रातल्या खऱ्या गोष्टीकडे येतो. तू लिहितेस, "आजोबा, तुमचं सगळं वाचलं, रडूही आलं, हसूही आलं. पण माझा हात आता कापतो. सुई म्हटली की आजींचा तो फुगलेला हात डोळ्यांपुढं येतो. मी ते काम सोडलं. शिवणाच्या वर्गात जाते."

पोरी, सुईला भिऊन तू गेलीस कुठं, तर सुईकडेच! आता कापड कधी ओरडत नाही, एवढाच फरक. आणि न ओरडणाऱ्यापासून काय होतं ते आपण दोघांनी पाहिलं आहे.

हात कापतो हे मला खोटं वाटत नाही. तापल्या दुधानं ओठ भाजले की माणूस ताकही फुंकून पितो. पण ताक पितो ना? मी तरुणपणी मोट हाकायचो. एकदा माझ्या हातून नाडा सुटला, भरली मोट खाली गेली, बैल ओढीनं गुडघ्यावर आला. मी कासरा टाकून बाजूला झालो. बाप आला. मला वाटलं आता चाबूक. त्यानं बैलाचे गुडघे पाहिले, नाडा बांधला आणि कासरा माझ्या हातात दिला. "आज नाई हाकली तं उद्या इहीर तुले खाईन," एवढंच म्हणाला. त्या दिवशीची मोट मी रडत रडत हाकली. पण हाकली. तू त्या दिवशी निघून गेलीस तेव्हा तुझ्या हातात कासरा देणारं कुणी तिथं नव्हतं, म्हणून आता हे पत्र.

आणि एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं, लिहितोच. तो फोटो अर्धाच राहिला होता हे तुला ठाऊक आहे. खडा कुठं आहे, केवढा आहे, काही कळलं नाही. गेल्या आठवड्यात तिला पुन्हा कळा आल्या. घरभर लोळली. घाम असा की लुगडं पिळून घ्यावं. थांबल्यावर म्हणते, "आता हसा नं, काऊन रडून राह्यले?" मी कुठं रडत होतो, डोळ्यात धूर गेला होता.

मोटारीनं खामगावला नेलं. डॉक्टर म्हणाले, हात आता धोक्याबाहेर आहे, पण खड्याचं टाळू नका. वाटेत अडकला तर मूत्रपिंडाला इजा होईल. डाव्या हाताच्या नसेतून दवा देऊन फोटो काढू, संक्रांतीच्या पुढं ढकलू नका.

तर ही काय म्हणाली? "सुई घेईन. पण त्याच पोरीच्या हातून."

डॉक्टर म्हणाले, "बाई, ती इथं नाही. मी स्वतः देतो."

"तुमच्यापाशी मले ओरडता यायचं नाई. लाज वाटन. तिच्यापाशी ओरडीन मी. तिनं आधीच माहे शब्द ऐकले हायेत, अजून काय उरलं?"

डॉक्टर हसले, मी हसलो, ही हसली नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तिची जागा मी भरली नाही. कळवा तिला. आणि हेही कळवा की त्या दिवशी तिनं जे जे केलं ते मी नव्या पोरींना शिकवतो आहे."

मी समजावून पाहिलं. दटावून पाहिलं. भिंतीशी बोललो असतो तर भिंत तरी पाझरली असती. खडा तिच्या पोटात आणि हट्ट तिच्या डोक्यात, दोन्ही हलेनात. त्यात माझी अवस्था ऐक. उजवा हात बरा झाला तसा कासार दारी आला. हिरव्या बांगड्यांचा जुडगा काढून बसला. हिनं परत पाठवला. "ज्या पोरीच्या हातानं उतरवल्या तिच्याच हातानं भरीन." आता मी जिता-जागता घरात, आणि बायकोचा एक हात भुंडा! पाणवठ्यावर बाया कुजबुजतात, पारावर माणसं माझ्याकडे अशी बघतात की आपण आहोत की नाही हे मलाच चाचपून बघावं लागतं. त्या शालूबाईनं तर तोंडावर विचारलं, "भाऊजी, तब्येत बरी हाय नं तुमची?"

तेव्हा दोन जिवांवर दया कर. तिच्या मूत्रपिंडावर आणि माझ्या अब्रूवर.

हात कापू दे. कापत्या हातानं ये. मी बाहेर बाकावर बसून राहीन, आणि तुळशीरामभाऊ सोबत येणार असतील तर त्यांच्याशी गप्पा मारीन. मुक्काम आमच्याकडे डोणगावला, जेवण आमच्या चुलीवरचं. गोजरबाईनं शेवया काढून ठेवल्या आहेत. उजव्या हातानं.

वाट पाहतो. खडाही वाट पाहतो, पण तो फार दिवस पाहणार नाही.

उकंडराव


डोणगाव, ता. १९ जानेवारी १९६५

चि. सिंधूताई हिला दोघांचे आशीर्वाद. या वेळी खरोखर दोघांचे.

तू खोलीच्या आत होतीस, म्हणून आतलं तुला ठाऊक. बाहेर काय झालं ते तू पाहिलं नाहीस. ते मी सांगतो.

तू आत गेलीस तेव्हा तुझा चेहरा पांढरा होता. तुळशीरामभाऊ माझ्या शेजारी बाकावर. ते टोपी फिरवत होते, मी पागोटं. पलीकडे पाय प्लॅस्टरात असलेला एक माणूस, कौशल्याबाई फरशी पुसत होती. दार लागलं. सगळं शांत.

आणि एकदम आतून आरोळी! "अगाई व माय! मेली व! थांबव, थांबव!"

कौशल्याबाईच्या हातून बादली सुटली. प्लॅस्टरवाला दोन पावलं चालला, नंतर त्याला आठवलं की आपल्याला चालता येत नाही. माझं पागोटं खाली. तुळशीरामभाऊ उठून उभे, हात जोडलेले, ओठ हलताहेत. मला वाटलं, संपलं. गेली पोरगी पुन्हा पुलगावला, आता कायमची.

दार उघडलं, डॉक्टर बाहेर आले. हसू आवरेना त्यांना. "अहो उकंडराव, अजून सुई लावलीच नाही. स्पिरिटचा बोळा लावला नुसता. गार लागला."

आणि त्यांच्या पाठीमागून तुझं हसणं ऐकू आलं. सिंधू, तुला खोटं वाटेल, पण तुळशीरामभाऊ मटकन खाली बसले आणि म्हणाले, "दोन महिन्यांनी हसली." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. उलटी घातली होती, मी सांगितलं नाही.

मग आतून जे चालू झालं ते म्हणजे रेडिओच. "सुई लागली! दुखलं थोडकं! आता गार! आता गरम होऊन राह्यलं, अंगभर गरम! तोंडात तांब्याची चव आली व! आग? नाई, आग नाई! इचारत राह्य, इचारत राह्य!" आणि प्रत्येक वेळी तुझा आवाज, हळू, न कापणारा, "सांगा आजी, आणखी सांगा." सगळा दवाखाना ऐकत होता. प्लॅस्टरवाला मला म्हणाला, "काका, असं सांगणारं पाह्यजे. मले तं काय चाललं हे कोणी सांगतलंच नाई."

मग पुष्कळ वेळ काही ऐकू आलं नाही. मी दाराला कान लावणार, एवढ्यात आतून किणकिण आली. काचेची. एक, मग आणखी एक, मग खळखळ. तिनं बांगड्या पदराच्या गाठीत बांधून आणल्या होत्या हे मलाही ठाऊक नव्हतं. मी तुळशीरामभाऊंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. पारावरची माणसं आता माझ्याकडे नीट बघतील.

आता पुढचं. डॉक्टरांनी फोटोत दाखवला तसा खडा खालीच उतरून बसला होता. ते म्हणाले तसं हिला पाणी पाजलं, हंडेच्या हंडे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पडला! ज्वारीच्या दाण्याएवढा. एवढ्याशा जिवानं घर डोक्यावर घेतलं होतं. मी तो काडेपेटीत ठेवला आहे आणि पारावर दाखवतो. हिला आवडत नाही. "लोकं पोरगा झाला म्हणून पेढे वाटते, तुमी दगड दाखवत फिरता." पण दाखवू नको असंही म्हणत नाही.

शाईची रेघ तर कधीच पुसली. हातावरची ती काळी जागा खपली धरून होती, तीही पडली. खाली गुलाबी कातडी आली आहे, नव्या लेकरासारखी. पण तुळशीचं एक पान तिच्याबरोबर गेलं. खोडाच्या डावीकडचं. बाकी तुळस परत तुळस झाली, वड नाही, पिंपळ नाही.

संक्रांतीला ती गोंदणारीण पुन्हा आली होती. हात पाहून म्हणाली, "आजी, एवढं पान भरून देते. आता नाई दुखाचं."

गोजरबाई म्हणाली, "दुखाचं काई नाई व. दुखलं तं आता मी ओरडते. पण राहू दे. ते पान हरपलं नाई. खामगावले माही एक लेक हाय, तिच्या हातावर ठेवलं मी ते."

मी तिथंच बसलो होतो. डोळे पुसले. या वेळी खरंच धूर नव्हता.

तर सिंधूताई, तू पुन्हा कामावर लागलीस, आता पाठक डॉक्टरांना नमस्कार सांग, कौशल्याबाईला नवी बादली मिळाली का विचार, पुलगावला सगळ्यांना आमची आठवण कळव, आणि डाक्टरला, म्हणजे करडाला, चारा घाल म्हणावं. सुट्टी मिळाली की मेहकरची मोटार धर आणि इकडं ये. मधल्या काळात दोन ओळी टाक, पण लवकर टाक. ही रोज दारात बसते, जानराव दिसला की विचारते. तो नाही म्हणाला तर काय होईल ते तुला सांगायला नको. तिला आता ओरडायची सवय लागली आहे, आणि आमचं घर दवाखान्याच्या भिंतीएवढं पक्कं नाही.

तुझा,
उकंडराव